घरात दखनी, शाळेत मराठी

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो तेव्हा रडणाऱ्या मुलांची आम्हाला फारशी काळजी वाटत नाही. रडणारे मूल आठवडाभरात शांत होते, डब्यातली पोळी शेजारच्याला देते आणि खेळायला लागते. काळजी वाटते ती अजिबात न रडता भिंतीला टेकून एकटक पाहत बसणाऱ्या मुलाची. काही वर्षांपूर्वी येलदरी परिसरातल्या आमच्या वर्गात अशी एक मुलगी होती. हजेरीत नाव आले की हात वर करायची, बस्स. जून गेला, जुलै गेला, पोळाही झाला, तरी तिच्या तोंडून एक मराठी शब्द आम्ही ऐकला नव्हता. तिच्या नावापुढे मनातल्या मनात आम्ही ‘अप्रगत’ असा शेरा मारूनही टाकला होता.

एके दिवशी मधल्या सुट्टीत ती नळाजवळ आपल्या चुलत बहिणीला काहीतरी सांगताना दिसली. हातवारे करून, आवाज बदलून सांगणे चालले होते. जवळ जाऊन ऐकले तर सकाळी वर्गात सांगितलेली माकड आणि मगरीची गोष्ट! “मगर बोली, मेरी घरवाली कू तेरा कलेजा होना.” गोष्टीतला एकही प्रसंग सुटला नव्हता. जांभळाचे झाड होते, नदी होती, माकडाने ‘काळीज तर झाडावरच राहिले’ म्हणून मारलेली थाप होती. म्हणजे मुलीला आमची मराठी कळत होती, पण तोंडाने फक्त घरची दखनी निघत होती.

पुढचे सांगताना आम्हाला अजूनही संकोच वाटतो. आम्ही तिच्या अम्मीला शाळेत बोलावले आणि मोठ्या अधिकाराने सांगितले, “घरी हिच्याशी मराठीतच बोलत जा.” बीएडला भाषा शिकवण्याच्या पद्धती आम्ही पाठ केल्या होत्या, तरी हा सल्ला दिला. बिचारीने तो पाळला. पंधरा-वीस दिवसांनी भेटली तेव्हा आम्ही विचारले, काही फरक? ती म्हणाली, “मॅडम, मेरेकू उत्ती मराठी नै आती. बाज़ार के पुरती आती. तो मैं चुपच रहती.” शाळेत गप्प असणारी मुलगी आमच्या सल्ल्यामुळे घरातही गप्प झाली होती. रोटी करताना होणाऱ्या गप्पा, नानीच्या गोष्टी, झोपतानाचे किस्से, सगळे बंद. त्या दिवशी आम्ही सल्ला मागे घेतला, माफी मागितली आणि या विषयाचा नव्याने अभ्यास सुरू केला. हा लेख त्यातूनच आला आहे.

घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हा प्रश्न जगात खूप जुना आहे. त्यातले एक उदाहरण आम्ही पालकांना नेहमी सांगतो. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलतात. मॉन्ट्रियल शहराला लागून असलेल्या सेंट लॅम्बर्ट या गावात काही इंग्रजीभाषक कुटुंबे राहत होती. आपल्या मुलांना फ्रेंच नीट आली नाही तर इथे त्यांचा निभाव लागणार नाही, हे त्या आईवडिलांना कळले. शाळेत रोज अर्धा तास फ्रेंच घोकून काही होत नाही, हे त्यांनी स्वतःवरून अनुभवले होते. त्यांनी शाळा मंडळाच्या मागे लकडा लावला आणि 1965 साली तिथे इंग्रजी घरातल्या मुलांसाठी संपूर्ण फ्रेंचमधून चालणारी बालवाडी सुरू झाली. पहिलीचे वाचन, लेखन, हिशेब सगळे फ्रेंचमध्ये. इंग्रजीचा तास दुसरीपासून.

मॅकगिल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि रिचर्ड टकर यांनी ही मुले वर्षानुवर्षे तपासली आणि 1972 साली त्यावर पुस्तक लिहिले. सुरुवातीला मुले इंग्रजी वाचनात थोडी मागे पडली, पण इंग्रजीचा तास सुरू झाल्यावर ती उणीव भरून निघाली. फ्रेंच चांगली आली आणि घरची इंग्रजी कुठेही गेली नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग झाले तर! मुलाला परक्या भाषेच्या शाळेत टाका, आपोआप शिकेल. इथेच घोटाळा होतो. सेंट लॅम्बर्टच्या बालवाडीत शिक्षिका फ्रेंच बोलायच्या, पण त्यांना इंग्रजी समजत होती. मूल इंग्रजीत बोलले, रडले, पाणी मागितले तर त्या समजून घ्यायच्या आणि उत्तर फ्रेंचमध्ये द्यायच्या. वर्गातली सगळीच मुले नवशिकी होती, त्यामुळे कोणी कोणाला हसत नव्हते. आणि इंग्रजी बोलल्याबद्दल त्या मुलांना कमीपणा वाटावा असे तिथे काही नव्हते. घरात इंग्रजी पुस्तके होती, आई रात्री वाचून दाखवत होती. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत यातले काय होते? वर्गातल्या बाकीच्या मुलांची मराठी जन्मापासूनची. हिने ‘ती पुस्तक’ म्हटले की मागच्या बाकावर हशा. आणि घरची भाषा म्हणजे जणू एक खोड, ती लवकर सुटली पाहिजे, असे शिक्षकच सांगत होते. एकाला पोहायला शिकवणे आणि दुसऱ्याला पूर्णेच्या धरणात ढकलून देणे, एवढा हा फरक आहे.

आपल्या मराठवाड्याला तर हे सगळे उलट्या बाजूनेही माहीत आहे. निजामाच्या राज्यात 1884 पासून फारसीच्या जागी उर्दू ही सरकारी भाषा झाली. माध्यमिक शाळांतून शिक्षण उर्दूत होते आणि 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. म्हणजे परभणी-जिंतूरकडच्या मराठी घरातल्या मुलाला गणित, इतिहास, भूगोल उर्दूतून शिकावा लागे. आमच्या ओळखीतले नव्वदीला टेकलेले एक हिंदू आजोबा अजून ‘गुणाकार’ म्हणत नाहीत, ‘ज़र्ब’ म्हणतात. ते सांगतात, पहिली दोन वर्षे मौलवीसाहेब काय बोलतात हेच कळायचे नाही, छडी मात्र कळायची. घरी आजी मराठीत धीर द्यायची. सप्टेंबर 1948 नंतर चित्र पालटले आणि काही वर्षांत मराठी घरच्या मुलांना मराठी शाळा मिळाली. पण उर्दू शिकलेली ती पिढी वाया गेली नाही. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी ग़ालिब, इक़बाल मराठीत आणले ते याच मुशीतून. आणि 2023 साली निजामकालीन नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा जुनी उर्दू व मोडी वाचणारी माणसे शोधत सरकारी कचेऱ्यांना फिरावे लागलेच की! सांगायचे एवढेच की त्या काळच्या मराठी मुलाचे जे हाल उर्दू वर्गात झाले, तेच आज दखनी बोलणाऱ्या मुलाचे मराठी वर्गात होतात. दोघांकडेही सारख्याच मायेने पाहायला हवे.

आता आपल्या घरच्या भाषेबद्दल. फॉर्मवर आपण ‘मातृभाषा उर्दू’ लिहितो. पण घरात जी बोलतो ती पुस्तकातली उर्दू नसते, ती दखनी असते. अनेकांना तिची लाज वाटते. ‘हमारी ज़बान बिगड़ी हुई है’ असे आमच्या आयाबहिणी सहज म्हणून जातात. ज्या दखनी मातीत वली औरंगाबादी आणि सिराज औरंगाबादी यांच्यासारखे शायर झाले, ती ज़बान बिघडलेली कशी? शिवाय मराठी शिकायला दखनीसारखी दुसरी शिडी नाही. आपला ‘नको’ मराठीतला, ‘मैंच’, ‘येच’ मधला ‘च’ मराठीतला. लखनौच्या माणसाला ‘चाय नको’ म्हणून पाहा, तो बघतच राहील. मुलाला हे दाखवून द्यावे, ‘देख, तेरेकू आधी मराठी आतीच.’ त्याचा चेहरा खुलतो.

चुका कुठे होतात तेही पालकांनी ओळखून ठेवावे, म्हणजे रागावायची वेळ येत नाही. दखनीत ‘ळ’ नाही, म्हणून ‘बाळ’चा ‘बाल’ आणि ‘काळा’चा ‘काला’ होतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते. दखनीत मुलगा किंवा मुलगी असे दोनच हिशेब. मराठीत तिसरा ‘ते’ आहे. त्यामुळे ‘ती पुस्तक’, ‘तो झाड’. किताब आपल्याकडे स्त्रीलिंगी म्हणून पुस्तकही ‘ती’ होते, यात मुलाने डोके चालवलेच आहे. सगळ्यात गमतीची अडचण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ची. आपल्याकडे दोन्हीला ‘हम’. मागे एक मुलगा आम्हाला म्हणाला, “मॅडम, आम्ही जेवायला जाऊ.” त्याला आम्हालाही सोबत न्यायचे होते! अशा वेळी ‘चूक!’ म्हणून ओरडण्यापेक्षा आपण बरोबर वाक्य सहज म्हणावे, “हो, चला, आपण जेवायला जाऊ.” मूल ऐकते. आठ-दहा वेळा ऐकले की त्याच्या तोंडी ते येते.

वर्गात गप्प राहणे हाही शिकण्याचाच भाग आहे. नव्या भाषेत शिरलेले मूल कितीतरी दिवस फक्त ऐकून साठवत असते. टोरांटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी परक्या भाषेत शिकणाऱ्या मुलांविषयी एक फार उपयोगी गोष्ट दाखवून दिली आहे. खेळताना, भांडताना लागणारी भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण पुस्तकातली, प्रश्नोत्तरांची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षे लागू शकतात. म्हणून दुसरीतला मुलगा मराठीत फाडफाड बोलतो, तरी चौथीत परिसर अभ्यासाचा धडा त्याला झेपत नाही, तेव्हा तो आळशी आहे असे समजू नये. त्यांचेच दुसरे म्हणणे असे की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत उतरते. गोष्ट सांगता येणे, कारण देता येणे, अंदाज बांधता येणे ही शिदोरी दखनीत भरली तरी मराठीत उपयोगी पडते. आमच्या त्या जुन्या सल्ल्यातली चूक नेमकी इथे होती.

मग मराठी न येणाऱ्या अम्मीने काय करायचे? आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट फुकटची आहे. संध्याकाळी ती भाकरी करायला बसते तेव्हा मुलाने शेजारी बसून मराठी धड्याचे एक पान मोठ्याने वाचावे. तिला अक्षर वाचता येत नसेल तरी चालेल. वाचून झाले की तिने पुस्तक मिटायला लावावे आणि म्हणावे, “अब मेरेकू बता, इस में क्या हुआ?” मुलाने दखनीत सांगावे. सांगता आले तर धडा समजला. अडखळला तर कुठे अडखळला हे त्या माउलीला बरोबर कळते, त्याला शाळा शिकलेली असावी लागत नाही. तेवढ्या पानावर पेन्सिलीने खूण करून दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाठवावे. आणि ‘आज क्या सिखाए?’ असे कधी विचारू नये. त्याचे उत्तर दुनियाभर एकच आहे, ‘कुछ नै.’ त्याऐवजी ‘आज कौन रोया?’, ‘मॅडम की कहानी में कौन था?’ असे विचारावे.

इथे मकतबचा विषय येतो. आपली बहुतेक मुले सकाळी किंवा मग़रिबनंतर मकतबमध्ये बसतात. रोज ठरल्या वेळी बसणे, कान देऊन ऐकणे, उच्चारांची काळजी घेणे, थोरल्याने धाकट्याचा सबक घेणे या सवयी तिथे लागतात आणि वर्गात आम्हाला त्या लगेच ओळखू येतात. मात्र एक गोष्ट सांभाळावी लागते. नाज़रा वाचताना मूल अर्थ न कळता अस्खलित वाचायला शिकते. त्या पठणाला त्याचे वेगळे मोल आहे. पण तीच सवय तसेच्या तसे मराठी पुस्तकाला लागली तर मूल धडा घडाघडा वाचते आणि विचारले तर त्यातले एक अक्षर सांगता येत नाही. पालक वाचन ऐकून खूश, आम्हीही पहिल्यांदा फसलो. म्हणून ते दखनीत सांगायला लावणे टाळू नये. उर्दू-अरबी उजवीकडून आणि मराठी डावीकडून, यामुळे मात्र कोणी घाबरू नये. महिन्या-दोन महिन्यांत मुले दोन्ही बाजू वेगळ्या ठेवायला शिकतात.

गणिताची कथा वेगळीच आहे. आमच्या वर्गातला एक मुलगा बापाच्या फळांच्या गाड्यावर उभा राहून दीड किलो डाळिंबाचा हिशेब करून उरलेले पैसे बिनचूक परत द्यायचा. वर्गात मात्र फळ्यावर ‘वजाबाकी करा’ असे लिहिले की हात गार. आम्ही त्याला कच्चा समजत होतो. एकदा सहज विचारले, “सौ की नोट दिए, पैंसठ के फल लिए, कित्ते वापस?” उत्तर आमचा श्वास सुटायच्या आधी आले. वजाबाकी त्याला येत होती, ‘वजाबाकी’ हा शब्द येत नव्हता. ‘पैंसठ’ आणि ‘पासष्ट’, ‘पचास’ आणि ‘पन्नास’, ‘पच्चीस’ आणि ‘पंचवीस’ ही जुळणी कोणी करून दिली नव्हती. एका कागदावर एक ते शंभरपर्यंतचे आकडे लिहून शेजारी दोन्ही भाषांतली नावे लिहिली आणि गाड्याच्या फळीला चिकटवली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बाप विचारायचा, मुलगा सांगायचा. त्यात बापही मराठी आकडे शिकला.

ज्या घरात अब्बू उर्दू शाळेत शिकलेले आहेत त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. आपली पाठ्यपुस्तके काढणारी ‘बालभारती’ मराठीबरोबर उर्दू माध्यमाचीही पुस्तके छापते आणि तिच्या संकेतस्थळावर ती मोफत उतरवून घेता येतात. गणिताचे पुस्तक दोन्ही माध्यमांत जवळपास सारखेच असते. मुलासमोर मराठी गणित, अब्बूंच्या मोबाईलवर उर्दूतली रियाज़ी, तोच धडा, तेच चित्र. ‘मला तुमचे मराठी कळत नाही’ म्हणून मागे सरकणारे वडील असे पुढे आलेले आम्ही पाहिले आहेत. गोष्टींसाठी ‘बालभारती’चेच ‘किशोर’ मासिक आहे, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि उर्दूत, दोन्हीत वाचायला मिळते. नानीने उर्दूतून वाचावी, नातवाने मराठीतून.

शिकवणीबद्दल आमचे मत कडू आहे. चौथीच्या मुलाला मकतब, शाळा आणि शिकवणी असे तिन्हीकडे बसवून घरी आणता तेव्हा त्याच्याशी बोलायला कोणाला वेळ उरतो? बऱ्याच ठिकाणी गाईडमधली उत्तरे उतरवून घेतात, वही सुंदर दिसते. त्यापेक्षा वाड्यातल्या सातवी-आठवीतल्या मुलीने अर्धा तास धाकट्यांना घेऊन बसावे. तिचीही उजळणी होते.

शाळेची जबाबदारी पालकांवर ढकलण्यासाठी हे लिहिलेले नाही. वर्गात आम्ही काही गोष्टी बदलल्या. प्रश्न मराठीत विचारायचा, पण पहिल्या वर्षी उत्तर दखनीत आले तरी ते उत्तर म्हणून धरायचे आणि तेच मराठीत म्हणून दाखवायचे. आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक शिक्षकाला दखनी कळते, मग न कळल्याचा आव कशाला? दोन दखनी मुलांना एका बाकावर न बसवता मराठी दोस्ताशेजारी बसवायचे. हसणाऱ्यांना रागावण्याऐवजी आठवड्यातून एकदा ‘आज आपण दखनी शिकू’ असा तास ठेवला. मराठी मुलांची जीभ ‘ख़’ आणि ‘ग़’ काढताना वळेना, तेव्हा हसण्याची पाळी दुसऱ्यांची होती. तेव्हापासून ‘ती पुस्तक’वर हशा बराच कमी झाला. शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. प्रत्येक गावात उर्दू शाळा असत नाही, असली तरी पुष्कळदा सातवीला संपते. पण मराठी शाळेत दखनीला दार उघडे ठेवायला कोणत्याही परवानगीची गरज नाही.

याच कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात. प्रत्यक्षात पालक सभेला आपल्या भगिनी दाराशी उभ्या राहतात आणि सही करून निघून जातात. ‘मेरेकू मराठी नै आती’ हेच कारण. अहो, दखनीत बोला. आम्ही लिहून घेऊ.

अलीकडे येलदरी, जिंतूरकडची काही कुटुंबे पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवतात. त्यांच्या तळमळीला आम्ही हसणार नाही. फक्त प्रवेश घेण्याआधी एक करावे. पहिलीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटे उभे राहून शिक्षिका मुलांशी इंग्रजीत बोलते का, आणि मुलाने आपल्या बोलीत काही मागितले तर तिला ते कळते का, एवढे ऐकावे. दोन्ही ‘हो’ असेल तर ती सेंट लॅम्बर्टच्या जवळची शाळा. दोन्ही ‘नाही’ असेल तर टाय आणि बूट यांचेच पैसे जात आहेत.

ती गप्प बसणारी मुलगी डिसेंबरात बोलली. पहिले मराठी वाक्य काही कवितेचे नव्हते. शेजारच्या मुलाने तिचा खोडरबर घेतला होता. ती उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, हा माझी खोडरबर देत नाही!” वर्गात कोणी हसले नाही. “हो का? माझा खोडरबर देत नाही?” आम्ही म्हणालो. “हां, माझा,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.